रनिंग बॅक, नवोदित
अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू छातीशी धरून प्रतिस्पर्ध्यांच्या फळीतून धावत जाणाऱ्या खेळाडूस ‘रनिंग बॅक’ म्हणतात. महाविद्यालयीन खेळातून नॅशनल फुटबॉल लीग ह्या व्यावसायिक संघटनेत (स्थापना १९२०) येऊन पहिला हंगाम खेळणारा असा खेळाडू म्हणजे नवोदित रनिंग बॅक होय. ह्या खेळात आक्रमक संघास चार प्रयत्नांत १० यार्ड (सु. ९.१४ मी.) पुढे सरकावे लागते, म्हणून प्रत्येक दौडीत किती यार्ड पदरात पडले ह्याची नोंद ठेवतात. हंगामाअखेर होणारी त्यांची बेरीज हेच कर्तृत्वाचे रूढ माप आहे. क्वार्टरबॅकसारख्या खेळाडूस व्यावसायिक डावपेच आत्मसात करण्यास बहुधा काही वर्षे लागतात. रनिंग बॅकचा खेळ मात्र बव्हंशी चपळाई, शरीरबल आणि फटी हेरण्याची नजर ह्यांवर अवलंबून असल्याने तो पहिल्याच वर्षी भरात येऊ शकतो. नवोदितांची तुलना ह्या जागेच्या संदर्भात विशेष रंगते, ती ह्यामुळेच.

१९३४ मध्ये शिकागो बेअर्स संघाच्या बीटी फेदर्सने पहिल्याच हंगामात १,००४ यार्ड मिळविले. लीगमध्ये हजाराचा टप्पा ओलांडणारा तो पहिला खेळाडू. दर दौडीस ८.४ यार्ड ही त्याची सरासरी आजही अचंबा वाटावा अशी आहे. परंतु ब्रॉन्को नॅगुर्स्कीसारखा बलदंड सहकारी त्याच्यापुढे वाट मोकळी करीत होता, हे विसरता येत नाही. पुढील हंगामांत फेदर्सला ह्या आकड्याच्या जवळपासही पोहोचता आले नाही.

क्लीव्हलंड ब्राउन्सचा जिम ब्राउन (१९५७) आणि लॉस अँजेल्स रॅम्सचा एरिक डिकरसन (१९८३) ह्यांची तुलना विशेष उद्‌बोधक आहे. ब्राउनचे ९४२ यार्ड त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक होते. डिकरसनने १,८०८ यार्डांचा नवोदितांचा उच्चांक केला. वरवर पाहता दुसरा पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट श्रेष्ठ ठरतो. तथापि ब्राउनच्या काळी हंगाम १२ सामन्यांचा होता, तो १९६१ मध्ये १४ व १९७८ मध्ये १६ सामन्यांचा झाला. शिवाय ब्राउनला २०२ वेळाच चेंडू मिळाला, तर डिकरसनला ३९० वेळा. दर दौडीची सरासरी काढली, तर ती अनुक्रमे ४.७ व ४.६ यार्ड भरते. म्हणजे दोघांत फरक जवळजवळ उरतच नाही. डिकरसनचे वेगळेपण प्रत्येक सामन्यात सु. २४ दौडींचा भार सोसूनही ही सरासरी टिकविण्यात आहे. २०२१ पासून हंगाम १७ सामन्यांचा झाला, तरी २०२४ च्या हंगामाअखेर त्याचा उच्चांक अबाधित होता. डॅलस काउबॉइजच्या इझीकेल एलियटने २०१६ मध्ये १५ सामन्यांत १,६३१ यार्ड केले. दर सामन्याचा हिशेब केल्यास तो डिकरसनपासून फार दूर नाही.

केवळ दौडींचे यार्ड मोजल्यास काही खेळाडूंवर अन्यायच होतो. गेल सेअर्स (शिकागो बेअर्स, १९६५) ह्याचे धावून मिळविलेले यार्ड ८६७ इतकेच आहेत. परंतु धावून, चेंडू झेलून आणि प्रतिपक्षाने लाथाडलेला चेंडू परत आणून त्याने १४ सामन्यांत एकूण २२ टचडाउन नोंदविले. २०१८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या सेक्वॉन बार्क्लीने १,३०७ यार्ड धावून, तर ७२१ यार्ड झेलून मिळविले.

संघाची पद्धती हाही मोठा घटक होय. प्रशिक्षक माइक शॅनाहन ह्यांच्या डेन्व्हर ब्रॉन्कोज संघात टेरेल डेव्हिस (१९९५, १,११७), ओलँडिस गॅरी (१९९९, १,१५९), माइक अँडरसन (२०००, १,४८७) आणि क्लिंटन पोर्टिस (२००२, १,५०८) ह्या चार नवोदितांनी हजारावर यार्ड मिळविले. त्यांपैकी एकही वार्षिक निवडीच्या पहिल्या फेरीतील नव्हता. डेव्हिस व अँडरसन तर सहाव्या फेरीतील. ह्या यशाचे श्रेय किती धावणाऱ्याचे व किती वाट करून देणाऱ्या अग्रफळीचे, हे आकड्यांवरून ठरविणे कठीण आहे. पुढील कारकीर्दीचे भाकीतही त्यांवरून करता येत नाही. वॉल्टर पेटनचे १९७५ मधील यार्ड अवघे ६७९ होते. १९८७ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर १६,७२६ यार्ड हा तत्कालीन विक्रम होता.

उलट अर्ल कॅम्बेलची गोष्ट. ह्यूस्टन ऑइलर्सच्या ह्या खेळाडूने १९७८ मध्ये ३०२ दौडींत १,४५० यार्ड करून लीगमध्ये अग्रस्थान मिळविले. पुढील दोन वर्षांत त्याच्याकडून ३६८ व ३७३ दौडी करवून घेण्यात आल्या. १९८५ च्या हंगामानंतर त्याची कारकीर्द संपली आणि उत्तरायुष्यात त्याला चालणेही दुष्कर झाले. २०११ च्या सामुदायिक करारानुसार निवडून आलेल्या नवोदिताचे वेतन निवडीच्या क्रमांकानुसार चार वर्षांसाठी जवळपास ठरूनच जाते आणि तीन हंगाम संपेपर्यंत त्यावर फेरवाटाघाट करता येत नाही. रनिंग बॅकच्या बाबतीत हीच वर्षे बहुधा सर्वांत सकस असतात. ती सरल्यावर वाढीव मोबदल्याची मागणी करणाऱ्या खेळाडूऐवजी दुसरा नवोदित घेणे संघास स्वस्त पडते.