पायथन जाल-आज्ञावलीचा प्रारंभ

पायथन जाल-आज्ञावलीचा प्रारंभ : संगणकांच्या जाळ्यावर सेवा पुरविणारी, पायथन भाषेतील आज्ञावली तिच्याच मुख्य फाईलमधून उघडपणे सुरू करण्याची रीत. गिडो व्हान रॉसम यांनी ॲम्स्टरडॅम येथे निर्माण केलेली ही भाषा 1991 मध्ये प्रसृत झाली. तीत थेट चालविलेल्या फाईललाच ‘मेन’ हे नाव मिळते. दुसऱ्या फाईलने ती आयात केल्यास मिळत नाही. म्हणून नाव तपासूनच सेवा सुरू करण्याचा प्रघात पडला. अन्यथा चाचणीसाठी नुसती आयात करतानाही सेवा सुरू होऊन काम तेथेच अडकते.

2002 च्या सुमारास पुढे आलेल्या ‘ट्विस्टेड’ या संचात मात्र ‘ट्विस्टडी’ हा स्वतंत्र प्रारंभक आहे. पार्श्वभूमीत चालणे, नोंदी ठेवणे, पोर्ट मिळताच वाढीव अधिकार सोडून देणे ही कामे तो करतो. मुख्य फाईलमधून ‘रिॲक्टर’, म्हणजे घटनांची वाट पाहणारे चक्र, स्वतः सुरू केल्यास कामांचा क्रम स्पष्ट दिसतो. परंतु ही सारी जबाबदारी आज्ञावलीकारावर येते आणि नवशिका बहुधा येथेच चुकतो. पायथन 3.4 मध्ये (2014) ‘असिंकआयओ’ आले, तरी चक्र मिळविणे, चालविणे व बंद करणे हातानेच करावे लागे. 3.7 आवृत्तीतील (2018) ‘रन’ या फलनाने ते एका ओळीत आणले. मोठ्या सेवांसाठी मात्र बाह्य प्रारंभकच सामान्यतः वापरतात.