‘फॉर्लॉर्न होप’ : एका शब्दाची फसगत

एखादा प्रस्ताव मंजूर होण्याचा संभव उरला नाही, म्हणजे कचेरीत कोणीतरी ‘फॉर्लॉर्न होप’ म्हणून फाइल बाजूस सारतो. ‘होप’ म्हणजे आशा. तेव्हा ज्याला यश येणेच नाही असा प्रयत्न, हा अर्थ आपण सारेच गृहीत धरतो. वस्तुतः या शब्दाचा आशेशी मुळी संबंधच नव्हता.

सोळाव्या शतकात इंग्रजांनी तो डच भाषेतून उचलला. तेथे त्याचा अर्थ ‘गमावलेली टोळी’. त्यातील ‘होप’ म्हणजे ढीग, जथा. मुख्य सैन्यापुढे धाडलेली, परत येण्याचा भरवसा नसलेली ही माणसे. फ्रेंच त्यांना ‘हरवलेली मुले’ म्हणत. इंग्रजी कानाला मात्र ‘होप’मध्ये आशाच ऐकू आली, आणि माणसांची तुकडी जाऊन उरली ती एक मनःस्थिती. आपल्या ‘पानिपता’चेही काहीसे असेच झाले आहे. दिल्लीहून चंदीगडला जाताना त्या स्टेशनाची पाटी दिसली की मराठी माणूस चपापतो. तेथे नांदते गाव आहे हे त्याच्या ध्यानी मागाहून येते.

पुढे तटाच्या खिंडारात प्रथम घुसणाऱ्या तुकडीस हे नाव राहिले. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणावर चालून जाताना अशाच तुकड्या आघाडीस होत्या. पुष्कळदा लोक आपण होऊन नावे देत. वाचलेल्या अधिकाऱ्यास बढतीची अपेक्षा असे. (बढतीचा इतका महाग दर आमच्या खात्यात नाही, हे सुदैवच!)

६ एप्रिल १८१२ च्या रात्री स्पेनमधील बादाहोस येथे खिंडारांवरचे इंग्रजांचे सारे हल्ले फसले. परंतु फ्रेंचांचे बळ तेथे गुंतले असता इतर पलटणी अन्यत्र शिड्या लावून आत उतरल्या व शहर पडले. विजयी शिपायांनी मागाहून नागरिकांवर केलेले अत्याचार निंद्यच होत; पण खिंडारात पडलेल्यांचा प्रयत्न निष्फळ होता, असे आम्हांस म्हणवत नाही.

त्याच वर्षी १९ जानेवारीस सिउदाद रॉद्रिगो येथे अशी तुकडी नेणारा जॉन गरवुड जखमी होऊनही वाचला. त्याने पुढे वेलिंग्टनचा पत्रव्यवहार संपादिला. १८०३ मधील अहमदनगर व असईच्या लढायांची पत्रे त्यातच आहेत. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक ती उघडतो, तेव्हा ‘गमावलेल्या टोळी’तून परतलेल्या एका माणसाने लावलेल्या क्रमानेच ती वाचतो.