छातीतली जळजळ: जुन्नरचा फिरंगी डॉक्टर, आजीची मिश्री आणि माझा व्हेप

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना केलेली थोडी बडबड कापली आहे, बाकी जसंच्या तसं.)

आजचा विषय जरा घरगुती आहे. रात्री दोन वाजता छातीत जळजळ होऊन उठायचं, उशी उंच करायची, पुन्हा झोपायचं, असं माझं मागच्या पावसाळ्यात महिनाभर चाललं होतं. आंबट ढेकर, घशाशी कडू पाणी. मी म्हटलं, कंपनीच्या कँटीनचं जेवण. गावाला गेलो तर आजी म्हणाली, "पित्त खवळलंय तुझं, आमसुलाचं पाणी पी." दोघांनीही एका गोष्टीकडे पाहिलंच नाही. माझ्या खिशात एक व्हेप होता. मित्राने दुबईहून आणून दिलेला, पेरूच्या वासाचा. सिगारेट सोडायची म्हणून घेतला होता आणि दिवसभर कोडिंग करताना तोंडातच असायचा.

मी डॉक्टर नाही, बीटेक आहे. पण कुठलीही गोष्ट बिघडली की तिचा जुना लॉग उघडून बघायची सवय आहे. तसा या जळजळीचा लॉग उघडला, तर तो आमच्या जुन्नरातून जाऊन थेट चरकापर्यंत पोहोचला.

तंबाखू भारतात येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे धूर ओढायचे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, धूमपानाची पूर्ण पद्धत आहे. सुगंधी औषधं वाटून त्याची वर्ती करायची, नळीला लावायची, दिवसातल्या ठरलेल्या वेळी ओढायची. आणि कुणी ओढू नये याची यादीही आहे. गर्भवतीने नको, रात्री जागरण झालेल्याने नको, आणि बरं का, पित्त वाढलेल्याने नको. नाईट शिफ्ट करणारा, पित्ताचा त्रास असलेला मी त्या यादीत दोनदा बसतो! त्या वर्तीत निकोटिन नव्हतं, हे मात्र लक्षात ठेवा, पुढे लागेल. 'अम्लपित्त' हा वेगळा आजार म्हणून नीट मांडला तो नंतरच्या माधवनिदानाने: आंबट-कडू ढेकर, छातीत आणि घशात दाह. माझी लक्षणं बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेली होती.

मग आली तंबाखू. पोर्तुगीजांनी अमेरिकेतून आणली आणि पश्चिम किनाऱ्यावरून ती दख्खनमध्ये चढली. तिचा सगळ्यात मजेदार किस्सा विजापूरचा आहे. अकबराने असद बेग नावाचा माणूस आदिलशाही दरबारात वकील म्हणून पाठवला होता. १६०४ च्या सुमाराला त्याने विजापुरात तंबाखू पाहिली. आधी कधी पाहिलीच नव्हती. त्याने थोडी बरोबर घेतली, रत्नं जडवलेला हुक्का तयार केला आणि आग्र्याला बादशहापुढे चांदीच्या तबकात ठेवला. अकबराने दोन-तीन झुरके घेतले. लगेच हकीम मधे पडला. त्याचं म्हणणं असं की ही वस्तू आपल्या ग्रंथांत नाही, हिचे गुणदोष कुणी तपासलेले नाहीत, तेव्हा बादशहाने हा प्रयोग स्वतःवर करू नये. असद बेगचं उत्तर असं की फिरंगी लोक काही मूर्ख नाहीत, आणि प्रत्येक रिवाज कधीतरी नवीनच असतो.

हा वाद वाचताना मला हसू आलं, कारण आमच्या ऑफिसच्या टेरेसवर व्हेपवरून अगदी हाच वाद होतो. हकिमाची बाजू घेणारी एक टेस्टर मुलगी आहे, असद बेग मी. अकबराने सवय लावून घेतली नाही. सरदारांनी घेतली, व्यापाऱ्यांनी माल आणला, आणि १६१७ मध्ये जहांगिराने बंदीचा हुकूम काढला. त्या बंदीचं काय झालं ते कुठल्याही पानटपरीवर जाऊन बघा.

आता आपल्या गावाकडे. १६७५ च्या उन्हाळ्यात मुंबईहून ईस्ट इंडिया कंपनीचा एक डॉक्टर जुन्नरला आला. नाव जॉन फ्रायर. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन वर्ष झालेलं, पण त्यांचं जन्मस्थान शिवनेरी अजून मोगलांकडे. जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याच्या घरात कुणीतरी आजारी होतं, म्हणून त्याला बोलावणं गेलं. कल्याण, मुरबाड करत तो घाट चढून वर आला. म्हणजे आज आपण माळशेजला भजी खायला जातो त्याच डोंगररांगेतून. जनान्यात रोगी पडद्याआड. नाडी बघायला हात बाहेर आला, पण तो परीक्षा बघायला पुढे केलेला धडधाकट दासीचा हात होता. फ्रायरने ओळखलं आणि सांगितलं की या बाईला काहीही झालेलं नाही! मग खऱ्या रोग्याचा हात आला.

त्याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात एक सोबती सामान बांधताना दिसतो, तर त्याच्या चीजवस्तूंत भांगेचं पात्र आणि गुडगुडी. असद बेगच्या तबकापासून सत्तर वर्षांत रत्नजडित हुक्का साध्या माणसाच्या गाठोड्यात आला होता.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. बिडी आली, आमच्या उत्तरेला सिन्नर-संगमनेर भागात बिड्या वळायचा धंदाच उभा राहिला. आणि घराघरात आली मिश्री. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची, सकाळी उठल्यावर बोटाने हिरड्यांना लावायची. भाजताना असा ठसका सुटतो की आख्खी आळी खोकते. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका हिला व्यसन म्हणतच नाहीत, दात घासणं म्हणतात. पण मिश्रीला आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात जागा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडं तपासली, तंबाखूच्या सवयी आणि तोंडाचा कॅन्सर यांचा संबंध बघायला. १९७२ मध्ये तो अभ्यास छापून आला. लाखभर खेडुतांचे 'आ' बघायचे, गावोगाव फिरून! मला पाचशे युजर्सचा सर्वे करताना घाम फुटतो.

पण कॅन्सरच्या भीतीत जळजळ बाजूला पडली. ती कुणी मोजली? एक वर्ष आधी, १९७१ मध्ये, अमेरिकेत डेनिश आणि कॅस्टेल या दोन डॉक्टरांनी. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. शेतकऱ्यांना सांगायचं तर विहिरीतल्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह. तो गळका झाला की पाणी उलटं विहिरीत उतरतं. इथे दिशा वेगळी, जठरातलं आम्ल वर येतं. त्यांनी सिगारेट ओढणाऱ्यांच्या या झडपेचा दाब मोजला. सिगारेट पेटली की काही मिनिटांत दाब खाली, विझली की परत वर. शिवाय थुंकी आम्ल धुऊन काढते, आणि सिगारेट ओढणाऱ्यांची ती ताकदही कमी पडते, हे नंतर दिसलं.

आता मुद्द्याचा प्रश्न. दोष धुराचा की निकोटिनचा? म्हणून म्हटलं, चरकाची वर्ती लक्षात ठेवा. १९९० च्या दशकात निकोटिनचे पॅच आले, जे कातडीला चिकटवतात. धूर नाही, राख नाही, काही नाही. तरी त्या झडपेचा दाब कमी झाला. इथे माझी विकेट पडली. कारण व्हेपमध्ये धूर नसतो हाच माझा सगळा बचाव होता.

व्हेपचा जन्म २००३ चा. होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने तो बनवला, वडील फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले आणि स्वतःला सिगारेट सुटत नव्हती म्हणून. हेतू चांगला होता. मग २०१५ च्या सुमाराला जूलने निकोटिनचा क्षार वापरला, त्यामुळे कडक डोसही घशाला खरखर न करता आत जाऊ लागला. सिगारेट संपते तेव्हा निदान कळतं तरी. व्हेप संपतच नाही, बॅटरी उतरेपर्यंत. फूटव्हॉल्व्ह दिवसभर अर्धवट उघडा ठेवायची सोय म्हणा. व्हेप आणि जळजळ यांवरचे दीर्घ काळाचे अभ्यास थोडे आहेत, कारण वस्तूच नवी आहे. पण निकोटिनचं वागणं जुनंच आहे. सिगारेटच्या तुलनेत फुप्फुसाला व्हेप कमी घातक असेल, तो वेगळा हिशेब. माझ्या झडपेला त्या फरकाचं काही पडलेलं नाही.

भारतात तर १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि मग त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळंच बंद आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. जहांगीर पुन्हा आठवतो.

जळजळीला हलकं घेऊ नका, असं मी का म्हणतोय तेही सांगतो. आमच्या थोरल्या चुलत्यांना एकदा शेतातच छातीत जळायला लागलं. त्यांनी नेहमीप्रमाणे सोडा घेतला आणि बांधावर बसून राहिले. घाम सुटला, डावा हात जड झाला, तरी "पित्तच आहे" म्हणत होते. चुलतीने ऐकलं नाही, गाडीत घालून मंचरला नेलं. हार्ट अटॅक होता. आण्णा वाचले, ते तिच्या हट्टामुळे.

म्हणून मी डॉक्टरांकडे गेलो. पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला, गोळ्या दिल्या आणि खिशाकडे बघून विचारलं, "हे काय आहे?" नॉर्वेतल्या एका मोठ्या पाहणीबद्दल त्यांच्याकडूनच कळलं. २०१४ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत, वजन नेमकं असलेल्या आणि नियमित गोळ्या घेणाऱ्या लोकांनी तंबाखू सोडल्यावर त्यांची तीव्र जळजळ कमी झालेली दिसली. जाड लोकांत तसा फरक दिसला नाही. माझं वजन किती ते विचारू नका, काठावर आहे.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा आजीला व्हेप दाखवला. तिने वास घेतला.

"पेरूचा वास येतोय. ह्याच्यात तंबाखू कुठंय रं?"

"तंबाखू नाही आजी, तंबाखूतलं निकोटिन आहे."

"म्हंजे मिश्रीच की. दात बी घासले जात नाहीत ह्याने."

तो व्हेप आता ड्रॉवरमध्ये आहे, बॅटरी काढून. दुपारी चारच्या कॉलला हात अजून खिशाकडे जातो. रात्री मात्र एका उशीवर झोपतो. आजीची डबी तिच्या उशाशीच आहे. दर रविवारी फोनवर ती विचारते, "जळतंय का अजून?" आणि मी विचारतो, "तुझं?"

चला, भेटू पुढच्या भागात. जुन्नरच्या हातकागदावर बोलायचं आहे.