हिंजवडी ते क्वालालंपूर आणि सिंगापूर: अंतर किती, वेळ किती?

मुंबई ते क्वालालंपूर हवाई अंतर सुमारे ३,६०० किलोमीटर. थेट विमानाला साधारण पाच तास लागतात. मुंबई ते सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, वेळ साडेपाच तासांच्या आसपास. जेद्दाहही मुंबईहून एवढंच, सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. म्हणजे उमराहला जाऊन आलेल्यांना या प्रवासाचा अंदाज आहेच, फक्त दिशा उलटी. तिकडे घड्याळ अडीच तास मागे घ्यावं लागतं, इकडे अडीच तास पुढे.

पण मुलाकडे निघालेल्या अम्मी-अब्बांसाठी हिशोब घराच्या दारापासून करा. हिंजवडीहून मुंबईचं विमानतळ साधारण १३० किलोमीटर. किवळ्याला एक्स्प्रेसवेला लागेपर्यंतच आयटी पार्कची गर्दी वेळ खाते, पुढे खंडाळ्याच्या घाटाचा भरवसा नाही. समजा विमान रात्री साडेअकराचं आहे. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचं, तर संध्याकाळी चार-साडेचारला घर सोडलेलं बरं. विमान उतरेल तिथल्या सकाळी सातला. मग इमिग्रेशन, सामान, आणि विमानतळ शहरापासून पन्नासेक किलोमीटर लांब. पाच तासांचं विमान, पण घर ते घर चौदा तास धरा. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर तिकिटासोबतच सांगून ठेवा, ती फुकट मिळते. हलाल जेवणही किमान एक दिवस आधी नोंदवा.

या रात्रीच्या विमानात फजरकडे लक्ष ठेवा. क्वालालंपूरला फजर साधारण सहाच्या सुमारास, म्हणजे आपल्या घड्याळात साडेतीन. पुण्याच्या सवयीने पाचचा अलार्म लावला तर तोवर विमान उतरलेलं असतं, आणि रांगेतून बाहेर येईपर्यंत सूर्य उगवतो. उतरायच्या तासभर आधी वजू करून तयार राहा. विमान खाली येऊ लागलं की सीटवरून उठू देत नाहीत.

एक मुलगा क्वालालंपूरला, लेक सिंगापूरला, अशीही घरं आहेत. या दोन शहरांत हवाई अंतर जेमतेम ३०० किलोमीटर, विमान तासाभराचं. रस्त्याने ३५० किलोमीटर, बस पाच-सहा तास घेते, आणि जोहोरच्या सीमेवर सुट्टीच्या दिवशी त्याहून जास्त. विमानतळांवरचा वेळ धरला तर फरक फार उरत नाही. आमचं मत विचाराल तर वयस्करांसाठी विमान, कारण बसमध्ये सामान घेऊन दोनदा उतरावं लागतं.

व्हिसाचं मात्र नीट पाहा. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसामाफी दिली आहे, पण पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतोच. तो हिंजवडीतून निघण्याआधीच काढून घ्या, आणि सिंगापूरहून परत मलेशियात येणार असाल तर ते कार्ड पुन्हा भरा.