माळ्यावरची काळी पेटी

सुलतान बाजारातल्या आमच्या घरात गाण्याला मान होता. तंबोरा होता, पायपेटी होती. रेडिओवर नाट्यसंगीत लागलं की आजी वाती वळता वळता मान डोलवायची. पण त्याच घरात माळ्यावर एक काळी पेटी असायची आणि पाहुणे आले की तिचा विषय निघायचा नाही. तिच्यात धाकट्या काकांचा सॅक्सोफोन होता.

काका दिवसा कचेरीत कारकून. लग्नसराईत रात्री अफजलगंजकडच्या एका बँडमध्ये वाजवायचे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. आजी म्हणायची, "वाजवायचंच तर सनई तरी वाजव, निदान देवळात बसशील." मी आठवीत असताना एकदा काचीगुड्याच्या रस्त्यावर वरात लागली. मित्र बरोबर होते. काकांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं आणि मान फिरवली. घरी आल्यावर ते काही बोलले नाहीत. हे सगळं लिहितोय ते त्यासाठीच.

सॅक्सोफोन मुळात वरातीचा नव्हे. अॅडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने तो बनवला आणि 1846 मध्ये पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं, पण आवाज निघतो तो वेताच्या पातळ रीडमधून, म्हणजे नातं सनईशीच. लष्करी बँडबरोबर तो जगभर गेला आणि अमेरिकेत कृष्णवर्णीय वादकांनी त्याला जॅझची वाणी दिली. 1935 मध्ये लिऑन अॅबी आपला जॅझ बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. अशा वादकांना ऐकत, त्यांच्या शेजारी बसून वाजवत गोव्याची पोरं तयार झाली. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या गावोगावी चर्चच्या शाळांमध्ये पोरांना नोटेशन शिकवत, त्यामुळे पाया पक्का होता.

त्यांच्यातला आल्दोन्याचा अंतोनियो झेवियर वाझ म्हणजे चिक चॉकलेट, ट्रम्पेटवाला. आपले सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे चितळकर, यांच्याबरोबर त्याने काम केलं. 1951 च्या 'अलबेला'त तो पडद्यावरही दिसतो. म्हणजे आमच्या घरात ज्या गाण्यांवर सगळे खूश होते, त्यांत जॅझ आधीच शिरलेला होता. फक्त कोणाला ते ठाऊक नव्हतं.

काकांचं दैवत मात्र ब्राझ गोन्साल्विस. गोव्यातल्या नेवरा गावचा सॅक्सोफोनवादक, पुढे चिक चॉकलेटचा जावई. कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर, लुई बँक्सच्या साथीने, रात्र रात्र वाजवून त्याने हात तयार केला. आपल्याकडे घराण्यात जसा रियाज, तसाच तिथे रोजचा बँड. सांगितलेली चाल वाजवायची, मग तिच्यातून बाहेर पडून स्वतःचं काही मांडायचं आणि वेळेवर परत यायचं. काका म्हणायचे, "अरे, उपज घ्यायची आणि समेवर यायचं, दुसरं काय आहे त्यात?"

1970 मध्ये ब्राझ यांची 'राग रॉक' ही रेकॉर्ड आली. सॅक्सोफोनला ठरलेल्या चाव्या, त्यामुळे दोन सुरांच्या मधली जागा सहज मिळत नाही. ओठांचा दाब कमीजास्त करून, घसा सैल सोडून ती काढावी लागते. त्या काळी जॅझवाले आपल्याकडे वळत होतेच. जॉन कोल्ट्रेनने 1961 मध्ये 'इंडिया' नावाची रचना वाजवली. रविशंकरांवरून त्याने मुलाचं नाव रवी ठेवलं. सनी रोलिन्स तर पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिला. ते बाहेरून आपल्या संगीतात येत होते. ब्राझना कुठून यायचं नव्हतं. एका कानात चर्च आणि जॅझ, दुसऱ्या कानात इथले राग, दोन्ही घरचंच.

1978 मध्ये मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा भरली. सनी रोलिन्स येणार म्हणून काका नामपल्लीहून रात्रीच्या गाडीने गेले. घरी सांगितलं, मित्राच्या मुंजीला चाललोय. पुढच्या एका यात्रेत त्यांनी ब्राझनाही ऐकलं. परत आल्यावर गच्चीवर मला एकट्याला सांगत होते, "मीड घेतो रे तो त्याच्यावर! सनईवाल्यासारखी. आणि समोर हजार माणसं गप बसून ऐकतायत." हजार माणसं गप बसून, हे त्यांनी दोनदा सांगितलं. वरातीत कोण गप बसतं?

त्या रात्री त्यांनी पेटी खाली काढली आणि यमनासारखं काहीतरी वाजवलं. निषाद जरा चढा लागत होता. खालून आजीचा आवाज आला, "झोपा आता, शेजारी काय म्हणतील?" काकांनी रीड पुसली, पेटी बंद केली.

ब्राझ यांनी पुढे लुई बँक्स आणि बंगळूरच्या गायिका रामामणी यांच्याबरोबर भारतीय जॅझ युरोपपर्यंत नेला. नंतर ते गोव्यात परतले, भक्तीकडे वळले आणि बराच काळ मैफलींपासून लांब राहिले. आमचे काका कुठेच गेले नाहीत. निवृत्तीनंतर दम्यामुळे वाजवणंही सुटलं. ते गेले त्या वर्षी घर रिकामं करताना सॅक्सोफोन जुन्या सामानाबरोबर गेला. विकणारा मीच. किती आले तेही आठवत नाही.

परवा नातवाने मोबाईलवर 'राग रॉक' शोधून दिली. दोनदा ऐकली. नातू म्हणाला, "आजोबा, हे आपल्याकडचं आहे?" मी हो म्हटलं आणि त्याला काकांबद्दल सांगायला बसलो. वरातीची गोष्टही सांगितली, मान फिरवल्याची.

आपल्या हैदराबादी मराठी घरांतून असे बँडमध्ये वाजवणारे आणखी कोणी होते का? फोटो असेल, नसेल. आठवण असली तरी लिहा.