मिलोची भाकरी आणि काटकसरीचे गणित

आमच्या घरी भाकरी थापताना तुटली, की थोरली माणसे म्हणायची, ‘काय, मिलो आणलाय का?’ आमचा जन्म त्या दुष्काळानंतरचा. त्यामुळे मिलो म्हणजे नेमके काय, हे कळायला बरीच वर्षे लागली. १९७२ सालच्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली आणि रेशनच्या दुकानांतून मिळणारी लालसर ज्वारी म्हणजे मिलो. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालत. इथे ती माणसांनी खाल्ली, आणि अर्ध्या शतकानंतरही तिचे नाव टोमण्यातून शिल्लक राहिले.

नाशिक जिल्हा हा तसा दोन हवामानांचा जिल्हा. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इगतपुरी, पेठ, सुरगाणा या भागात भात, नागली, वरई पिकते. घाट मागे टाकून पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगावकडे जावे, तर पाऊस जेमतेम पाचवा हिस्सा उरतो आणि ताटात बाजरी येते. सह्याद्रीच्या पाठीमागच्या अशा कोरड्या पट्ट्याला १९७२ चा खरीप हंगाम बुडाल्याचा फटका सर्वांत जास्त बसला. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसे खडी फोडत होती. शहरातल्या नोकरदारांवर खडी फोडायची वेळ आली नाही, पण किराण्याचे बिल त्यांनाही पेलवेना. तेल, साखर, रॉकेल मिळेनासे झाले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. लाटणे मोर्चा तो हाच.

मोर्चाची नोंद वर्तमानपत्रांनी घेतली. त्याच काळात घरोघरच्या चुलींपाशी जे प्रयोग चालले होते, त्यांची नोंद मात्र कोणी घेतली नाही. आम्हाला त्यांविषयी लिहायचे आहे.

पहिला प्रश्न होता मिलोच्या भाकरीचा. गव्हात ग्लूटेन असते, त्यामुळे कणीक ताणली जाते. ज्वारीत ते नसते. ज्वारीची भाकरी एकसंध राहते ती मुख्यतः गरम पाण्यामुळे. सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास पिठातले पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात, चिकट होतात आणि उरलेल्या पिठाला धरून ठेवतात. धान्य किंवा पीठ जुने झाले, की हा गुण कमी होतो. ‘पिठाची विरी गेली’ असे आपल्याकडे म्हणतात ते हेच. लांबून आलेल्या, गोदामात पडून राहिलेल्या धान्याकडून विरीची अपेक्षा करणेच चूक. मग बायकांनी उकड काढून पाहिली, घरात असलेले दुसरे पीठ मिसळून पाहिले. मालेगाव-बागलाणकडे, म्हणजे खानदेशाच्या शेजाराला, एक उपाय आधीपासूनच हाताशी होता. तो म्हणजे कळण्याची भाकरी.

कळणा म्हणजे मुळात डाळ भरडल्यावर जात्याखाली उरणारी चूर आणि टरफले. फेकून द्यायच्या या मालाची भाकरी झाली आणि पुढे ती आवडीने खाल्ली जाऊ लागली. आता साधारण चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद घालून मुद्दाम पीठ दळतात. उडदात अरॅबिनोगॅलॅक्टन या वर्गातला एक बुळबुळीत पदार्थ असतो. इडलीच्या पिठात तो हवेचे बुडबुडे धरून ठेवतो, तर भाकरीत पीठ बांधून ठेवतो. याच भाकरीत दुसरेही एक काम आपोआप होते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, ते उडदात भरपूर असते. उडदात मेथिओनिन कमी, ते ज्वारीतून मिळते. एकाची उणीव दुसरे भरून काढते आणि वाटीभर उडदाने चार वाट्या ज्वारीची किंमत वाढते. आम्ही इथे पोषणाची किंमत म्हणतो आहोत, दुकानातली नव्हे.

दुसरा प्रश्न भाजीचा होता. विहिरी आटल्यावर भाजी महागणारच. अशा वेळी मटकी-मुगाला मोड आणून उसळ करणे ही घरोघरची रीत. तिची खरी परीक्षा झाली ती नाशिकपासून फार दूर, इराकमध्ये तैग्रिस नदीच्या काठी.

पहिल्या महायुद्धात डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कुत या गावात ब्रिटिश-हिंदी फौज वेढ्यात अडकली. त्या फौजेचे नावच मुळी सहावी पूना डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. पांढऱ्या मैद्याचा पाव खाणाऱ्या गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाला. हिंदी सैनिक आटा खात, ते बेरीबेरीतून वाचले, पण त्यांना स्कर्व्हीने गाठले. हिरड्या सुजल्या, जखमा भरून येईनात. ताजी भाजी नव्हती, घोड्याचे मांस त्यांतल्या अनेकांना नको होते. शिध्यात येई ती डाळ. डाळीला मोड येत नाहीत! मोड यायला अख्खे कडधान्य लागते. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच काळात गिनीपिगांवर प्रयोग केले. कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही टाळणारा गुण जवळजवळ नसतो, पण भिजवून मोड आणले की तो निर्माण होतो, हे चिक आणि डेल्फ यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केले. हा गुण म्हणजे क जीवनसत्त्व, हे नंतर कळले. मोड आलेल्या शंभर ग्रॅम मुगात ते १० ते १५ मिलिग्रॅम असते. उसळ फार शिजवली तर त्यातले बरेचसे जाते, म्हणून मूठभर मोड कच्चेच खाणे चांगले. शिवाय भिजलेले कडधान्य लवकर शिजते. रॉकेलच्या रांगेत उभे राहणाऱ्यांना ही बचत वेगळी सांगावी लागत नव्हती.

आता गणिताकडे येऊ. कमीत कमी पैशात पूर्ण पोषण कसे मिळवायचे, हा प्रश्न अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९४५ मध्ये रीतसर मांडला. त्यांनी ७७ पदार्थ आणि नऊ पोषक घटक घेतले. १९३९ च्या भावाने एका माणसाचा वर्षाचा खर्च निघाला ३९.९३ डॉलर. या पैशात वर्षभरासाठी काय मिळणार? सुमारे १६८ किलो गव्हाचे पीठ, १२९ किलो सुका घेवडा, ५० किलो कोबी, १० किलो पालक आणि आटवलेल्या दुधाचे ५७ डबे. एवढेच. असा आहार कोणी घ्यावा असे खुद्द स्टिगलर यांचेही म्हणणे नव्हते. जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये सिंप्लेक्स ही पद्धत शोधली, तेव्हा तिची पहिली मोठी चाचणी याच प्रश्नावर झाली. हाताने चालवायच्या गणनयंत्रांवर १२० मनुष्यदिवस खर्चून उत्तर आले ३९.६९ डॉलर. अंदाजाने काम करणारे स्टिगलर फक्त २४ सेंटांनी चुकले होते.

पुढे डँटझिग यांनी स्वतःचे वजन उतरवण्यासाठी संगणकाकडून आहार मागितला. संगणकाने रोज पाचशे गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितले. ते यादीतून काढल्यावर त्याने सुपाच्या दोनशे वड्या सुचवल्या. अखेर त्यांच्या पत्नीने आपल्या अंदाजाने ताट वाढायला सुरुवात केली आणि वजन उतरले. संगणकाचे गणित चुकले नव्हते. जे त्याला सांगितलेच नव्हते, ते त्याला कसे कळणार? घरातल्या स्वयंपाकात किंमत आणि पोषण यांच्याबरोबर चव, सरपण, वेळ, ऋतू, सासऱ्यांचे दात आणि धाकट्याचे नखरे अशा कितीतरी अटी असतात. त्या सगळ्या सांभाळून रोज दोन वेळा उत्तर काढावे लागते.

पण या गणिताला एक तळ आहे. तो विसरला की काय होते, याचे उदाहरण १८७७ मध्ये सापडते. त्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम ज्वारी, सुमारे १,५७० किलोकॅलरी. विद्यार्थ्यांना हा गुणाकार करू द्यावा आणि दिवसभर माती वाहणाऱ्याची गरज त्याच्याशेजारी लिहायला सांगावी. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी तेव्हाच दाखवून दिले होते, की तुरुंगातल्या कैद्याला याहून जास्त मिळते. आपल्याकडे मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लढवली. टेंपल यांच्या या हिशेबाला काटकसर म्हणायला आम्ही तयार नाही.

डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९७० च्या सुमारास जे सांगितले, ते इथे जोडून पाहावे. जगात प्रथिनांचा मोठा तुटवडा आहे, महागडी प्रथिनयुक्त उत्पादने वाटली पाहिजेत, असा त्या वेळी बोलबाला होता. सुखात्मे म्हणाले, की आपल्या धान्य-डाळीच्या जेवणात माणसाचे पोट पुरते भरले, तर प्रथिने बहुधा पुरतातच. कमी पडते ते जेवणच. त्यांच्या पुढच्या काही निष्कर्षांवर वि. म. दांडेकरांशी त्यांचा मोठा वाद झाला, आणि त्या वादात आमचे मत दांडेकरांच्या बाजूला झुकते. पण प्रथिनांबाबत सुखात्म्यांचे म्हणणे टिकले. डबाबंद पावडरींवर पैसे घालवणाऱ्या पालकांना ते आजही सांगण्यासारखे आहे.

सुट्टीत मुलांना घरच्या किराण्याचा महिन्याचा हिशेब मांडायला सांगता येईल. पदार्थ, वजन, किंमत, कॅलरी असे रकाने घालावेत. आणखी दोन रकाने जरूर असू द्यावेत. निवडणे, भिजवणे, वाटणे यांत कोणाचा किती वेळ गेला, हा एक. कोण केव्हा जेवले आणि त्याच्या वाट्याला काय आले, हा दुसरा. येवल्याकडच्या एका आजींना आम्ही बहात्तर सालच्या भाकऱ्यांचा हिशेब विचारला होता. नवऱ्याला किती, मुलांना किती, सासूला किती, हे त्यांना पन्नास वर्षांनंतर तोंडपाठ होते. ‘आणि तुम्हाला?’ असे विचारल्यावर त्या जरा थांबल्या. ‘ते कधी मोजलं नाही बाई,’ म्हणाल्या.