लैंगिक छळाची तक्रार आणि पीडितेला आधार : कोल्हापुरातील महाविद्यालयीन परिसर

उच्च शिक्षण संस्थेत विद्यार्थिनीला, महिला कर्मचाऱ्याला किंवा अन्य कोणाला सोसाव्या लागणाऱ्या अवांछित लैंगिक वर्तनाविरुद्ध संस्थेतच दाद मागता यावी, आणि ती मागताना शिक्षण, प्रकृती व नाव या तिन्हींचे रक्षण व्हावे, यासाठी कायद्याने घालून दिलेली व्यवस्था. अवांछित म्हणजे जे त्या व्यक्तीला नको आहे ते. करणाऱ्याचा हेतू काय होता यापेक्षा सोसणाऱ्यावर त्याचा काय परिणाम झाला याला येथे अधिक महत्त्व आहे. नकोसा स्पर्श व जवळीक, लैंगिक मागणी, लैंगिक अर्थाचे शेरे, अश्लील चित्रे वा ध्वनिचित्रफिती दाखविणे, तसेच अशा स्वरूपाचे कोणतेही शारीरिक, शाब्दिक किंवा निःशब्द वर्तन लैंगिक छळाच्या व्याख्येत येते. अंतर्गत गुण, प्रात्यक्षिक परीक्षा, संशोधनाची मान्यता अशा गोष्टींचे आमिष किंवा धाक दाखवून केलेली सूचनाही त्यातच मोडते.

कोल्हापूर हे शिक्षणासाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलामुलींचे शहर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून येथे वसतिगृहे उभी केली व विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय ही शिक्षणाची पहिली अट मानली. त्यांच्याच कारकिर्दीत 1919 साली करवीर संस्थानात स्त्रियांना क्रूर वागणुकीपासून संरक्षण देणारा कायदा झाला. 1962 मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठामुळे कोल्हापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे केंद्र या शहरात आले. चंदगड, आजरा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा अशा तालुक्यांतून रोज एसटीने ये-जा करणाऱ्या किंवा वसतिगृहात, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलींची संख्या मोठी आहे, आणि त्यांतील अनेकजणी आपल्या घरातून महाविद्यालयापर्यंत पोहोचलेल्या पहिल्याच आहेत. त्यामुळे तक्रार न करण्याचे कारण पुष्कळदा छळ करणाऱ्याची भीती हे नसते. घरी कळले तर शिक्षण बंद होईल, लगेच स्थळे पाहिली जातील, ही धास्ती त्याहून मोठी असते. ही धास्ती ध्यानात न घेता चालविलेली कोणतीही तक्रारयंत्रणा कागदावर कितीही पूर्ण असली, तरी उपयोगाची ठरत नाही.

या व्यवस्थेचा उगम 1992 मध्ये राजस्थानातील भटेरी गावी भंवरीदेवी या ‘साथिन’वर, म्हणजे शासनाच्या महिला विकास कार्यक्रमातील ग्रामकार्यकर्तीवर, झालेल्या सामूहिक अत्याचारात आहे. बालविवाह रोखण्याचे काम केल्याचा तो सूड होता. त्यानंतर विशाखा व इतर संस्थांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 13 ऑगस्ट 1997 रोजी निर्णय देऊन, कायदा होईपर्यंत प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती असावी अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली; या खंडपीठात न्या. जे. एस. वर्मा व न्या. बी. एन. किरपाल यांच्यासमवेत न्या. सुजाता मनोहर होत्या. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आजही या समितीला ‘विशाखा समिती’च म्हणतात. पुढे पुण्याच्या ‘आलोचना’ या स्त्री-अभ्यास केंद्राच्या मेधा कोटवाल लेले यांनी या तत्त्वांचे पालन होत नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या निदर्शनास आणले. त्यांच्याच प्रकरणात 2004 मध्ये समितीचा अहवाल हा शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल मानावा असा आदेश झाला. पीडितेला एकदा समितीपुढे व पुन्हा विभागीय चौकशीत तीच हकिगत सांगावी लागू नये, हा या आदेशाचा मोठा लाभ होय. महाराष्ट्रातील एका अभ्यासक कार्यकर्तीच्या चिकाटीने देशभरातील तक्रारदार स्त्रियांना मिळालेली ही सवलत महाविद्यालयांच्या माहितीफलकांवर क्वचितच नोंदलेली दिसते. 2013 साली संसदेने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा अधिनियम केला. तो त्याच वर्षी 9 डिसेंबरपासून लागू झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 मध्ये राजपत्रात प्रसिद्ध केलेल्या 2015 च्या विनियमांनी (विनियम म्हणजे कायद्याने अधिकार दिलेल्या मंडळाने केलेले बंधनकारक नियम) ही तरतूद विद्यार्थ्यांनाही स्पष्टपणे लागू केली. तंत्रशिक्षण संस्थांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे स्वतंत्र विनियम 2016 मध्येच आले.

विनियमांतील ‘परिसर’ या संज्ञेचा अर्थ कुंपणापुरता मर्यादित नाही. वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृह, उपाहारगृह व क्रीडांगण यांबरोबरच संस्थेने पुरविलेले वाहन, अभ्याससहल, शिबिर, प्रशिक्षणासाठी गेलेली कंपनी, सांस्कृतिक महोत्सव आणि क्रीडास्पर्धा यांचाही त्यात समावेश होतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे खेड्यातील निवासी शिबिर, युवा महोत्सवाची रात्री उशिरापर्यंत चालणारी तालीम किंवा पन्हाळ्याची सहल येथे घडलेल्या प्रकाराची तक्रार ‘हे कॉलेजबाहेर झाले’ असे सांगून परत पाठविता येत नाही. छळ करणारा संस्थेचा नसून बाहेरचा प्रशिक्षक, ठेकेदाराचा कामगार किंवा पाहुणा असला, तरी पीडितेला आवश्यक ते सर्व साहाय्य देणे संस्थेवर बंधनकारक असते.

तक्रार ऐकणाऱ्या मंडळास अंतर्गत तक्रार समिती म्हणतात. तिची पीठासीन अधिकारी, म्हणजे अध्यक्ष, ही ज्येष्ठ महिला अध्यापक असावी लागते; विद्यापीठात ती प्राध्यापक आणि महाविद्यालयात किमान सहयोगी प्राध्यापक या दर्जाची असते. दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतील एक बाहेरची व्यक्ती, आणि प्रकरणात विद्यार्थी गुंतलेले असल्यास निवडून आलेले तीन विद्यार्थी अशी तिची रचना असून निम्म्याहून कमी स्त्रिया असलेली समिती वैध ठरत नाही. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ प्रशासकीय पदांवरील व्यक्तींना तिच्यात स्थान नाही, कारण संस्थेची अब्रू राखण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांच्याच हाती चौकशी दिली तर तक्रार दडपली जाण्याचा संभव वाढतो. बाहेरची सदस्य हा या रचनेतील कळीचा घटक आहे. ती नेमताना संस्थाचालकांच्या परिचयातील व्यक्ती निवडली गेली, तर समितीचे स्वातंत्र्य नावापुरते उरते.

तक्रार घटनेपासून, किंवा घटनांची मालिका असल्यास शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत लेखी करावयाची असते. अडचणीचे कारण पटल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. लिहिणे शक्य नसेल तर लिहून घेण्यास मदत करणे हे समितीचेच काम आहे. पीडिता शारीरिक वा मानसिक कारणाने तक्रार करण्याच्या स्थितीत नसल्यास मैत्रीण, नातेवाईक, सहकारी किंवा मानसोपचारतज्ज्ञ तिच्या वतीने तक्रार करू शकतात. पालकांची सही किंवा संमती ही सज्ञान विद्यार्थिनीच्या तक्रारीची अट नाही, आणि पालकांना बोलावून घेण्याची घाई करणारी संस्था तिचे नुकसानच करते. तक्रारदार, साक्षीदार व ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो गैरअर्जदार यांची ओळख, तसेच चौकशीचा तपशील प्रसिद्ध करण्यास 2013 च्या अधिनियमाने मनाई आहे आणि माहिती अधिकारातूनही तो मिळविता येत नाही.

आधाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाची, पण सर्वांत कमी वापरली जाणारी तरतूद अंतरिम साहाय्याची, म्हणजे निकाल लागण्यापूर्वीच द्यावयाच्या संरक्षणाची आहे. समितीच्या शिफारशीने तक्रारदाराला किंवा गैरअर्जदाराला दुसऱ्या विभागात हलविता येते, तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते, गैरअर्जदाराला तिच्यापासून दूर राहण्याची ताकीद देता येते, आणि तो अध्यापक असल्यास तिची उत्तरपत्रिका तपासण्यापासून, तिच्या कामाचे मूल्यमापन करण्यापासून त्याला रोखता येते. पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत हे निर्णायक ठरते, कारण तिची प्रगती, शिष्यवृत्ती व पुढील नोकरीची शिफारस बहुधा एकाच मार्गदर्शकाच्या हाती असते. हलवायचे कोणाला, या प्रश्नाचे उत्तर देताना तक्रारदाराचे वर्ग, वसतिगृह व परीक्षा अखंड राहतील हे पाहणे आवश्यक असते; सोय म्हणून तिलाच घरी पाठविणे म्हणजे तिने ज्या परिणामाच्या भीतीने गप्प राहणे पसंत केले असते तोच परिणाम तिच्यावर लादणे होय.

तक्रारीची प्रत गैरअर्जदाराला सात दिवसांत दिली जाते, त्याला उत्तरासाठी दहा दिवस मिळतात आणि चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करावी लागते. तक्रारदारानेच विनंती केली तर चौकशीपूर्वी समेट करता येतो, मात्र तो पैशाच्या देवघेवीवर आधारलेला चालत नाही. चौकशीच्या पद्धतीला किती महत्त्व आहे हे गोवा विद्यापीठातील प्रकरणाने दाखवून दिले आहे. तेथे 2009 मध्ये विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या, समितीने सुनावण्या एकापाठोपाठ घाईने उरकल्या, बडतर्फीची शिक्षा झाली आणि उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2012 मध्ये ती कायमही ठेवली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 12 मे 2023 रोजी, बचावाची पुरेशी संधी न दिल्यामुळे नैसर्गिक न्यायाचा भंग झाला असे ठरवून, शिक्षा रद्द केली व प्रकरण पुन्हा समितीकडे पाठविले. नैसर्गिक न्याय म्हणजे आरोप समजणे, उत्तर देता येणे व निःपक्ष व्यक्तीकडून निर्णय मिळणे. या चुकीची किंमत मुख्यतः तक्रारदार विद्यार्थिनींनी मोजली, कारण चौदा वर्षांनी त्यांचे प्रकरण पुन्हा आरंभापाशी आले. समितीच्या सदस्यांना चौकशीचे प्रशिक्षण देणे हाही पीडितेला आधार देण्याचाच भाग आहे, हा या निर्णयाचा अर्थ कोल्हापुरातील प्रत्येक संस्थेने मनावर घ्यावा असा आहे. याच निर्णयात न्यायालयाने विद्यापीठे व महाविद्यालयांसह सर्वत्र समित्या खरोखर स्थापन झाल्या आहेत का, याची पडताळणी करण्याचे निर्देश दिले.

आरोप सिद्ध झाल्यास कर्मचाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई होते. विद्यार्थ्याच्या सवलती काढून घेणे, त्याला निलंबित करणे किंवा नाव कमी करून पुन्हा प्रवेश नाकारणे अशा शिक्षा आहेत, तसेच समुपदेशनासारखे सुधारणेचे उपायही आहेत. तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. खोट्या तक्रारीबद्दल कारवाई करण्यासाठी द्वेषबुद्धी स्वतंत्र चौकशीत सिद्ध व्हावी लागते. हे प्रत्येक विद्यार्थिनीला प्रवेशाच्या वेळीच सांगितले गेले पाहिजे.

महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे वर्ग पुष्कळदा वरिष्ठ महाविद्यालयाच्याच आवारात भरतात, आणि तेथील बहुतेक विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात. त्यांच्याबाबत 2012 चा बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, अर्थात पोक्सो, लागू होतो. गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणाही प्रौढाने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक असून संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा असा गुन्हा दडविल्यास त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. येथे प्रकरण समितीतच मिटवू पाहणे हा स्वतःच गुन्हा आहे.

समितीकडे जाणे व पोलिसांकडे जाणे हे दोन स्वतंत्र मार्ग आहेत. दोन्ही एकाच वेळी अवलंबिता येतात आणि पोलिसांत जायचे ठरविल्यास संस्थेने मदत करावी अशी तरतूद आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळ (कलम 75), चोरून पाहणे वा चित्रण करणे (कलम 77) आणि पाठलाग (कलम 78) हे गुन्हे आहेत. घटना कोठेही घडलेली असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात ती नोंदविता येते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. शारीरिक अत्याचार झाला असल्यास कोणत्याही सरकारी वा खासगी रुग्णालयाने विनामूल्य प्रथमोपचार करणे बंधनकारक आहे. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले सीपीआर, हे जिल्ह्याचे मोठे शासकीय रुग्णालय आहे. वैद्यकीय तपासणी पीडितेच्या संमतीनेच होते. तातडीसाठी 112, महिलांसाठी 181, बालकांसाठी 1098, मानसिक आधारासाठी ‘टेलि-मानस’चा 14416 आणि मोफत विधी साहाय्यासाठी 15100 हे क्रमांक आहेत. बलात्कार, बालकांवरील अत्याचार व ॲसिड हल्ला यांतील पीडितांना राज्य शासनाच्या ‘मनोधैर्य’ योजनेतून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत अर्थसाहाय्य मिळते.

पुरुष विद्यार्थी आणि तृतीयपंथी व्यक्तीही छळाला बळी पडू शकतात, हे आयोगाच्या विनियमांनी मान्य केले आहे. वसतिगृहातील मुलांवर होणारे लैंगिक स्वरूपाचे रॅगिंग 1999 च्या महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायद्याखालीही येते. पण याविषयी मुले मुलींपेक्षाही कमी बोलतात आणि त्यांना विचारणारेही थोडे असतात.

समितीच्या निष्कर्षांविरुद्ध तीस दिवसांत संस्थेच्या कार्यकारी प्राधिकरणाकडे अपील करता येते. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात कार्यरत झाल्याने, संस्थेने कर्तव्य न केल्याबद्दल याचिका करावयाची असल्यास या भागातील विद्यार्थिनीला आता मुंबई गाठावी लागत नाही. समितीकडे जाण्याची मुदत उलटून गेली असली, तरी पोलिसांत गुन्हा नोंदविण्याचा तिचा अधिकार त्यामुळे संपत नाही.